आडनावाचा माग

करवीर नगरीत इतिहासाला तोटा नाही. रंकाळ्याच्या काठी बसावे तरी इतिहास, पन्हाळ्याची वाट धरावी तरी इतिहास. महाराणी ताराबाईंच्या पराक्रमापासून राजर्षी शाहू छत्रपतींच्या कार्यापर्यंत येथल्या माणसाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तो ते अभिमानाने सांगतो. परंतु त्याच माणसाला, "बाबा रे, तुझ्या पणज्याचे नाव काय? तो मूळचा कोणत्या गावचा? काय काम करीत होता?" असे विचारले, तर बहुधा तो गप्प होतो. राजघराण्याची वंशावळ त्याला पाठ असते, स्वतःची मात्र तिसऱ्या पिढीपलीकडे जात नाही.

आम्ही कामगार चळवळीत उमर घालविलेली माणसे. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण झाले ते करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांच्या बाकांवर. त्यामुळे इतिहासाकडे पाहताना आमची नजर सिंहासनाआधी हजेरीपटाकडे वळते. ज्याने दरबार भरविला नाही, सनद मिळविली नाही, देवळावर शिलालेख कोरविला नाही, ज्याने फक्त काम केले, त्याचे नाव दीडशे वर्षांपूर्वीच्या कोणत्या कागदावर सापडेल? हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. त्यासाठी आपण एका लहानशा गोष्टीचा माग काढू. ती गोष्ट म्हणजे आडनाव.

आडनावाचा माग काढण्याचा छंद इंग्लंडात फार. तेथे तो साधतोही चांगला, आणि त्याचे कारण तेथल्या शिरगणतीत आहे. इंग्लंडात १८०१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होत आली. पण प्रत्येक माणसाचे नाव सर्वत्र लिहून घेण्यास प्रारंभ झाला तो १८४१ साली. त्या वर्षी मोठ्या माणसांचे वय पाचाच्या पटीत उतरवून लिहीत, आणि जन्म त्याच परगण्यातला की बाहेरचा एवढेच विचारीत. १८५१ पासून मात्र घरातील कर्त्याशी नाते, नेमके वय, धंदा आणि जन्माचे गाव हे सारे रकाने आले. घरोघर वाटलेले मूळ तक्ते पुढे नष्ट केले गेले. परंतु गणती कारकुनांनी त्यांवरून उतरून काढलेल्या वह्या राहिल्या, आणि शंभर वर्षे लोटल्यावर त्या लोकांना पाहावयास मिळू लागल्या. १९२१ ची गणती अशीच २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची मात्र कोणालाच दिसणार नाही. तिचे कागद १९४२ च्या आगीत जळून गेले.

ह्या वह्यांचा उपयोग असा. एखादे आडनाव फार विरळ आहे, म्हणजे साऱ्या देशात त्याची शे-दोनशे माणसे. १८८१ च्या गणतीत ती माणसे कोठे कोठे आहेत, ह्याच्या नकाशावर खुणा करावयाच्या. बहुतेक खुणा दोनचार खेड्यांभोवती गोळा होतात, आणि थोड्या दूरच्या गिरणगावांत विखुरतात. त्या गिरणगावातल्या माणसाच्या जन्मगावाचा रकाना पाहिला की तो पुन्हा त्याच खेड्यांकडे बोट दाखवितो. अशा रीतीने शेतमजुराचा मुलगा गिरणीत केव्हा गेला, विधवा कोणाच्या आश्रयाला राहिली, बारा वर्षांची पोर कोणाच्या घरी मोलकरीण झाली, हे सारे एका आडनावाच्या धाग्याने बाहेर येते. १८९० साली गप्पी नावाच्या एका गृहस्थाने तर शेतकऱ्यांच्या आडनावांवरून कोणते आडनाव कोणत्या परगण्यात मुरलेले आहे ह्याचे मोठे पुस्तकच काढले. आणि विरळ आडनावे मरतात कशी, ह्याचे गणित गाल्टन आणि वॉटसन ह्या दोघांनी १८७४ साली मांडले. लोकसंख्या वाढत असली तरी प्रत्येक पिढीत काही घरांत मुलगे होत नाहीत; आडनाव बापाकडून मुलाकडे जाणारे, म्हणून अशी आडनावे एकेक करून विझत जातात. माणसे राहतात, नाव जाते.

आता आपल्याकडे या. शिरगणती आपल्याकडेही झाली. १८७२ साली पहिली, आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजी साऱ्या हिंदुस्थानात एकाच वेळी. कोल्हापूर संस्थानची गणती मुंबई इलाख्याच्या अहवालात येत असे. १९०१ साली संस्थानची लोकसंख्या ९ लाख १० हजार भरली. गणतीदार आपल्याही घरोघर गेले, त्यांनी आपल्याही पूर्वजांना प्रश्न विचारले. मग ती नावे कोठे आहेत? ती नाहीत. आकडे काढून झाले, कोष्टके छापली गेली, आणि मूळ कागद मोडीत निघाले. सरकारला हवे होते ते आकडे: किती हिंदू, किती मुसलमान, कोणत्या जातीचे किती, आंधळे किती, साक्षर किती. गणू बिन राणू हा इसम त्याला आकड्यात हवा होता, नावाने नको होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली जनगणनेचा कायदा झाला. त्याच्या १५ व्या कलमान्वये वैयक्तिक नोंदी कोणाला पाहता येत नाहीत, की पुरावा म्हणून कोर्टात लावता येत नाहीत. ह्यात गुप्ततेचा हेतू चांगलाच आहे. पण शंभर वर्षांनी दार उघडण्याची सोय त्यात नाही.

म्हणजे इंग्लंडातील मजुराच्या पणतवाला जे गणतीच्या वहीत सापडते, ते आपल्याला दुसरीकडे शोधावे लागते. तत्पूर्वी आपल्या आडनावाची जात ओळखली पाहिजे. इथे जात हा शब्द आम्ही प्रकार ह्या अर्थाने वापरीत आहोत.

आपली आडनावे ढोबळ मानाने तीन वाटांनी आली. एक हुद्द्याची वाट: पाटील, कुलकर्णी, देसाई, चौगुले, सरनोबत. दुसरी धंद्याची: सुतार, लोहार, कुंभार, तांबट. तिसरी गावाची: कागलकर, पन्हाळकर, आजरेकर, इचलकरंजीकर. ह्या तिसऱ्या वाटेचा एक साधा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कागलात राहणाऱ्याला कागलकर कोण म्हणणार? तेथे तर सारेच कागलचे. माणूस गाव सोडतो तेव्हा दुसऱ्या गावचे लोक त्याला मागल्या गावाच्या नावाने ओळखू लागतात. म्हणून कागलकर शोधावयाचे ते कागलच्या बाहेर. 'कर' हे अक्षर म्हणजे स्थलांतराची पावती आहे. कोकणातील बेने इस्रायल समाज पाहा. किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर. धर्म वेगळा, पण आडनाव गावाचे. गाव सोडल्याची खूण सर्वांना सारखीच लागते.

दुसरी अडचण अशी की, कष्टकरी माणसाच्या नावापुढे आडनाव लिहिण्याची चाल फारशी जुनी नाही. जुन्या मोडी कागदांत 'तुकोजी बिन येसाजी' असे येते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असली तर 'सखू कोम रामा'. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. वतनदाराच्या नावाला पुढे पाटील, देशमुख अशी शेपटी लागे, कारण त्या शेपटीला जमीन आणि हक्क चिकटलेले असत. ज्याला हक्कच नव्हता त्याला शेपटीही नव्हती. आडनाव ही गोष्ट आपण रक्ताची समजतो. वस्तुतः पुष्कळदा ती दप्तराची असते.

तरीही माग अगदीच बुजलेला नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर दरबारची मोडी दप्तरे आहेत. गावोगाव जन्ममृत्यूची नोंद झालेली आहे. तिला आपण गाव नमुना चौदा किंवा कोतवाल बुक म्हणतो. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावाप्रमाणे पिढ्यान् पिढ्यांची नावे आहेत. मात्र यात्रेला जाण्याइतकी ज्याची ऐपत, त्याचीच. शाहू छत्रपतींनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हापासून शाळेच्या रजिस्टरात अशी मुले आली की ज्यांच्या घराण्याचे नाव त्यापूर्वी कोणत्याही वहीत मानाने लिहिले गेले नव्हते. २०२३ साली राज्य शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि हीच जुनी रजिस्टरे, हेच मोडी कागद कपाटांतून बाहेर निघाले. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी मागणी आली. जुनी वही म्हणजे रद्दी नव्हे, हे त्या वेळी घरोघर कळले.

ह्या वह्यांत एक वही आणखी होती, आणि तिचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती म्हणजे हजेरीची वही. काही जातींच्या माणसांना चोर ठरवून त्यांनी गावकामगारापुढे रोज हजेरी दिली पाहिजे, असा जाच असे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने त्याला मोठे रूप दिले. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या राज्यात ही हजेरी बंद केली. नाव लिहिले जाणे हा काही नेहमीच मान नसतो. शाळेच्या वहीतले नाव माणसाला पुढे नेते, आणि हजेरीच्या वहीतले नाव त्याला जखडून ठेवते. कागद दोन्ही ठिकाणी तोच, शाई तीच.

आता आम्ही आपल्याला समुद्रापार नेतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मराठी मजुरांची नावे, बापाची नावे, गावे, वये, उंची आणि अंगावरील खुणा जिथे ओळीने लिहून ठेवल्या आहेत असे एक ठिकाण आहे. ते मुंबईत नाही, पुण्यात नाही. ते मॉरिशस बेटात मोका येथे महात्मा गांधी संस्थेत आहे.

ब्रिटिशांनी १८३५ साली मॉरिशसमध्ये गुलामगिरी बंद केली. उसाचे मळे मात्र बंद झाले नाहीत. त्यांना हात हवे होते. ते हात हिंदुस्थानातून आणण्यात आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. तेथून पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे त्या बेटावर गेली. जिथे ती उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बहुसंख्य माणसे कलकत्त्याहून गेली, त्याखालोखाल मद्रासेहून आणि सर्वांत कमी मुंबईहून. ह्या मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा आणि आपला कोल्हापूर ह्या भागांतली माणसे होती. करार पाच वर्षांचा, आणि पुरुषाचा पगार महिना पाच रुपये व वर शिधा.

बोटीतून उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळे. बाई असो, पोर असो, तिचाही नंबर वेगळा. त्या नंबरापुढे वहीत नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, परगणा, जहाज आणि मळेवाल्याचे नाव. हे लिहिणारा कारकून इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेत वाढलेला. समोरचा माणूस राजापूरच्या बाजूची बोली बोलणारा. कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. 'बिन' गळाला, 'कोम' गळाले, आडनाव असेल तर तेही गळाले. पुढे ह्या माणसाला मुलगा झाला, तेव्हा जन्माच्या नोंदीला आडनावाचा रकाना होता. तो रिकामा ठेवून कसे चालेल? कारकुनाने बापाचे नाव तेथे बसविले. मॉरिशसमधल्या मराठी घराण्यांची गणू, बापू, सखाराम अशी आडनावे आज आपण ऐकतो, ती अशी तयार झाली. आपल्याकडे ज्या नावाने आई पोराला हाक मारते, ते तेथे साऱ्या घराण्याचे नाव झाले.

इंग्रजांच्या विरळ आडनावाचा माग आणि हा माग, ह्यांत फरक लक्षात घ्या. तेथे आडनाव जुने असते आणि ते धरून मागे जाता येते. येथे आडनाव त्या धक्क्यावरच जन्मले. त्याच्या मागे धरावयास काही नाही. म्हणून शोधणाऱ्याला आडनाव सोडून नंबर धरावा लागतो. समजा, आज एका घराण्याचे आडनाव गणू आहे. नातवाने आजोबांचा जन्मदाखला काढावा, त्यावरून पणजोबांचा, त्यावरून खापरपणजोबांचा. असे करीत करीत एका कागदावर नावाबरोबर नंबर येतो. तो नंबर घेऊन मोक्याच्या दप्तरात गेले की जहाज कळते, साल कळते, बापाचे नाव कळते, आणि कारकुनाच्या कानाने लिहिलेले गावाचे नाव कळते. ते नाव मोठ्याने उच्चारावयाचे, आणि कोकणच्या किंवा घाटावरच्या माणसाला ऐकवावयाचे. डोळ्यांना न उलगडलेले गाव पुष्कळदा कानाला उलगडते. तेथपासून पुढचे काम आपल्या देशात. त्या गावाचे कोतवाल बुक, जमिनीचे फेरफार, आणि गावातल्या म्हाताऱ्यांची आठवण. 'त्या घरचा एक जण बोटीवर गेला तो आलाच नाही', एवढे एक वाक्य कोणी बोलले तरी दोन टोके जुळतात.

ह्या वह्या इतक्या नीट का ठेवल्या, ह्याचा विचार केला पाहिजे. मळेवाल्यांना आपल्या मजुरांच्या वंशजांची काळजी होती, असे कोणी समजू नये. मजूर पळून गेला तर धरून आणता यावा, म्हणून उंची आणि व्रण. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापण्याची तेथे रीत होती. त्यासाठी पक्की हजेरी हवी. १८६७ सालच्या कायद्याने तर पाच वर्षांचा करार पुरा केलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना बाळगण्याची सक्ती झाली, आणि त्याचा खर्च त्याच्याच माथी. परवाना घरी राहिला तर भटक्या म्हणून पोलीस धरीत. आज ती छायाचित्रे पाहून आपल्याला आपल्या माणसांचे चेहरे दिसतात, हे खरे. पण ते चेहरे हसरे नाहीत.

आणि तरीही त्याच माणसांनी नावाचा दुसरा उपयोग करून दाखविला. १८७१ साली ह्या जुन्या मजुरांनी गव्हर्नराकडे एक मोठा अर्ज केला. आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या गोऱ्या मळेवाल्याने तो लिहिण्यास साह्य केले, त्याबद्दल त्याला आपल्या जातभाईंचा राग सोसावा लागला. त्या अर्जावर ९,४०१ मजुरांच्या सह्या आणि खुणा होत्या. पुढल्या वर्षी विलायतेहून चौकशी कमिशन आले, १८७५ साली त्याचा अहवाल निघाला, आणि परवान्यांचा व धरपकडीचा जुलूम जगापुढे मांडला गेला. धन्याच्या वहीत ज्यांची नावे धन्यासाठी लिहिली होती, त्यांनी ती एका कागदावर स्वतःसाठी लिहिली. आमच्या मते युनियनचे सभासदत्व म्हणजे हेच. चळवळीला नाव मागाहून मिळते, आधी सह्या होतात.

ही मराठी माणसे तेथे टिकली. गणेशचतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकविले जाते, आणि कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' नावाने नाचली जाते. आडनाव हरवले, पण ताल राहिला.

कोणी म्हणेल, हे दूरच्या बेटाचे झाले. आपल्याला त्याचे काय? म्हणून शेवटी आपल्या दाराशी येऊ. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी ह्या जिल्ह्यांतली हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. आपल्या शहरातही १९०६ साली शाहू महाराजांनी गिरणी काढली. मुंबईच्या गिरणीत माणसाला तिकीट नंबर असे. बदलीवाल्याला १९३५ पासून बदली कार्ड. हजेरीपटावर कोणाचे नाव टोपणनावाने, कोणाचे बापाच्या नावासह, कोणाचे गावाच्या नावाने. गावी सातबाऱ्यावर तोच माणूस वेगळ्या आडनावाने. काम चालू होते तोवर ह्याचे कोणाला काही वाटले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकेक करून मिटल्या, आणि मग हिशोबाची वेळ आली. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, आणि २०१२ पासून म्हाडाच्या सोडतीतली घरे. प्रत्येक ठिकाणी वारसाला एकच प्रश्न: हजेरीवरचा हा माणूस तोच तुमचा बाप, हे दाखवा.

आमच्या कचेरीत एक म्हातारी आली होती. नवऱ्याने बत्तीस वर्षे एका गिरणीत साचे चालविले. गिरणीच्या कागदावर त्याचे आडनाव गावावरून 'कर' लागलेले, रेशनकार्डावर मूळचे पाटील. कचेरीतल्या साहेबांनी सांगितले, ही दोन माणसे आहेत. बाईने उत्तर दिले, "दोन असती तर दोघांचा पगार घरात आला असता की!" ह्या उत्तराला कायद्यात जागा नव्हती. शेवटी ट्रंकेच्या तळाशी एक जुने विमा कार्ड निघाले. त्यावर तिकीट नंबर होता, आणि गावातल्या शाळेच्या दाखल्यावर दोन्ही आडनावे निघाली. पैसे मिळावयास चार वर्षे लागली. मोक्याच्या दप्तरात जे शोधकाला करावे लागते, तेच त्या म्हातारीला करावे लागले: आडनाव सोडून नंबर धरावा लागला.

तेव्हा आडनावाचा माग ही केवळ हौशी माणसाची करमणूक नव्हे. ज्याच्या घरी सनदा आहेत त्याला तो माग काढावा लागत नाही; तो तयारच असतो. कष्टकऱ्याला काढावा लागतो, आणि त्यावर कधी कधी म्हातारपणाची भाकरी अवलंबून असते. आपल्या लोकांची नावे आजवर इतरांनी आपल्या कामापुरती लिहिली: मोजण्यासाठी, कर घेण्यासाठी, धरून आणण्यासाठी. ती लिहिली हेही बरेच झाले, नाहीतर आज काहीच उरले नसते. पण ह्यापुढे ते काम दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाने घरी गेल्यावर एक साधी वही करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजा-पणज्याचे नाव, आजी-पणजीचे नाव व तिचे माहेर, सोडलेले गाव, केलेले काम, आणि हाताशी असेल तो नंबर तिच्यात लिहावा. नाव जितक्या प्रकारांनी लिहिले गेले तितके सारे प्रकार लिहावेत. आजीचे नाव तर अवश्य लिहावे, कारण आडनावाच्या धाग्यात तिला कोणी ओवलेलेच नाही. ट्रंकेतले जुने हजेरीकार्ड, विम्याचे कार्ड, शाळेचा दाखला रद्दीत घालू नये. कामगार संघटनांनी आपली जुनी सभासद-रजिस्टरे वाळवीला न देता पुरालेखागाराच्या स्वाधीन करावीत, आणि आपल्या कॉलेजांतल्या मुलामुलींनी मोडी शिकावी. म्हातारी माणसे अजून सांगावयास आहेत तोवर हे व्हावयास हवे. ह्याच आठवड्यात सुरुवात करावी, एवढीच आमची विनंती आहे.